अमेरिकन कॉलेजचा मील प्लॅन घ्यावा का, आणि कुठला?

महाग आहे, पण घ्या. फक्त सगळ्यात मोठा घेऊ नका. इंग्लंडहून वर्षभरासाठी अमेरिकन कॉलेजला निघालेलं कुणी, किंवा त्यांची आई, मील प्लॅनबद्दल, म्हणजे कॉलेजच्या डायनिंग हॉलमधल्या जेवणांचे पैसे आगाऊ भरण्याबद्दल, विचारते तेव्हा मी आधी एवढंच सांगते. मग पुढचे प्रश्न येतात आणि ते रास्तच असतात. पैसे किती जातात, शाकाहारी माणसाचं भागतं का, चतुर्थीला काय खायचं, सुट्टीत जेवायचं कुठे. तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. जन्म ठाण्याचा, पाचवीपासून लंडनच्या हॅरो भागात वाढले. दोन वर्षं लीड्सला शिकले आणि तिसऱ्या वर्षी एक्सचेंजवर, म्हणजे दोन कॉलेजांच्या करारानुसार होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत, पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या कॉलेजात आले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण इथल्या बहुतेक निवासी कॉलेजांत थोड्याफार फरकाने हीच पद्धत आहे. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. संकष्टी धरते, ती आजीने लावलेली सवय.

आधी पैशांचं बोलू. एक्सचेंजचं वर्ष कागदावर स्वस्त दिसतं. इंग्लंडमधली युनिव्हर्सिटी पूर्ण वर्ष परदेशात असलेल्या तिथल्या विद्यार्थ्याकडून नेहमीच्या फीच्या जास्तीत जास्त १५ टक्के घेऊ शकते, आणि करार असल्यामुळे अमेरिकन कॉलेज शिकवण्याची वेगळी फी लावत नाही. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण राहण्याचे आणि जेवणाचे पैसे थेट अमेरिकन कॉलेजला भरायचे असतात आणि बिलाचा खरा भार तिथेच आहे. तिथलं सरकारी शिक्षणकर्ज देणाऱ्या स्टुडंट फायनान्सकडून परदेशातल्या वर्षासाठी लंडनबाहेर शिकणाऱ्यांपेक्षा जास्त कर्ज मिळू शकतं. तो अर्ज भरताना हे बिल समोर ठेवा.

डॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहात, राहायचं म्हटलं की मील प्लॅन बहुतेक ठिकाणी घ्यावाच लागतो. आपल्या हातात असतं ते फक्त किती जेवणांचा घ्यायचा हे ठरवणं. सक्तीचं कारण डॉर्मच्या खोलीत पाऊल टाकलं की कळतं. एका खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, दोन कपाटं आणि एक अनोळखी रूममेट. स्वयंपाकघर नाही. लीड्सला आमच्या फ्लॅटमध्ये सहा जणांत एक स्वयंपाकघर होतं, प्रत्येकाला एक कपाट आणि फ्रिजमधला एक कप्पा. इथे हॉटप्लेट, टोस्टर, उघडी कॉइल असलेलं काहीही खोलीत ठेवायला बंदी. बऱ्याच डॉर्ममध्ये राइस कुकरसुद्धा चालत नाही. आपोआप बंद होणारी किटली आमच्याकडे चालते. छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह मिळून एक भाड्याने घेता येतं. तळमजल्याखाली सगळ्या इमारतीसाठी एक स्वयंपाकघर आहे, पण भांडी आपली आपण आणायची. थोडक्यात, डायनिंग हॉल हेच तुमचं स्वयंपाकघर.

प्लॅन आठवड्याला किती जेवणं यावर ठरतो: १९, १४ किंवा १०. एकोणीस हा आकडा सुरुवातीला विचित्र वाटतो, पण त्याचा हिशेब सोपा आहे. सोमवार ते शुक्रवार दिवसाला तीन जेवणं, आणि शनिवार-रविवारी सकाळ-दुपारचं मिळून एक ब्रंच आणि संध्याकाळचं जेवण, म्हणजे दोन. दारात कार्ड सरकवलं की एक जेवण वजा होतं. आत गेल्यावर हवं ते, हवं तेवढं, हवा तितका वेळ बसून खायचं. उरलेले स्वाइप पुढच्या आठवड्यात मिळत नाहीत. आठवडा संपला की गेले. सोबत थोडे डायनिंग डॉलर येतात, ते कॅम्पसवरच्या कॉफीच्या दुकानात वापरता येतात आणि ते मात्र सेमिस्टरभर टिकतात.

माझ्याकडे १४चा प्लॅन आहे. सेमिस्टरला साधारण ३,५०० डॉलर. पंधरा आठवडे धरले तर २१० जेवणं, म्हणजे एक जेवण १६ डॉलर ६७ सेंटला पडतं. दर आठवड्याला तीन जेवणं बुडवलीत तर तेच एकवीस डॉलरच्या वर जातं. आठवड्याचे २३३ डॉलर होतात, पौंडात साधारण १८०. लीड्सला माझं आठवड्याचं वाणसामान ३५ पौंडांत भागायचं, आणि त्यात तूपही असायचं. हा फरक मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

बाहेर खाऊन पैसे वाचतील असं कुणाला वाटत असेल तर तेही सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये हॉटेलातल्या जेवणावर राज्याचा ६.२५ टक्के कर आहे आणि बऱ्याच गावांत वर ०.७५ टक्के. त्यावर वीस टक्के टिप रिवाजाने द्यावीच लागते. मेनूवर पंधरा डॉलर लिहिलेली डिश एकोणीसला पडते, आणि तीही एकदाच वाढलेली.

एवढं असून घ्या का म्हणते? कारण अमेरिकन कॉलेजचं वेळापत्रक. लीड्सला माझे आठवड्यात मोजके तास असायचे, बाकी वाचन आपलं आपण, आणि सगळा भर शेवटच्या निबंधांवर आणि परीक्षेवर. दुपारी दोनला घरी येऊन खिचडी टाकायला वेळ असायचा. इथे सोमवार-बुधवार-शुक्रवार पन्नास मिनिटांचे तास, मंगळवार-गुरुवार सव्वा तासाचे. हजेरीला गुण, वर्गात बोलण्याला गुण, दर आठवड्याला काहीतरी लिहून द्यायचं, मध्येच क्विझ, ऑक्टोबरात मिडटर्म. माझा मंगळवार असा: साडेअकराला एक तास, तो पावणेएकला सुटतो, एकला पुढचा, तो सव्वादोनला. त्या पंधरा मिनिटांत जेवण होत नाही. स्वयंपाक तर सोडाच. ही सगळी व्यवस्था कुणीतरी तुम्हाला रांधून वाढणार आहे असं गृहीत धरूनच आखलेली आहे. प्लॅन न घेता इथलं कॉलेज करायचं तर रात्री अकराला भांडी घासत बसावं लागेल, आणि त्याच वेळी दुसऱ्या दिवशी द्यायचा निबंध लिहायचा असतो.

आता जेवणाची चव. न्याहारीवर फार लिहिण्यासारखं नाही. अंडी, बटाटे, ओट्स, सीरियल, आणि स्वतः पीठ ओतून उलटायचं वॉफलचं यंत्र. टेबलावर जे सिरप असतं ते रंगीत साखरपाक असतं. खरं मेपल सिरप हवं असेल तर मार्चमध्ये आसपासच्या शेतांवर झाडांचा रस आटवायला घेतात तेव्हा खा. पहिल्या घासाला फरक कळतो. चहा वाईट. कॉफीच्या यंत्राच्या नळातून येणारं पाणी उकळलेलं नसतं आणि त्यात पिशवी बुडवून कितीही वेळ ठेवली तरी चहा उतरत नाही. खोलीत किटली ठेवा. इथली वीज १२० व्होल्टची असल्यामुळे घरून आणलेली किटली इथे चालत नाही, आणि इथली दीड हजार वॅटची किटली इंग्लंडमधल्या तीन हजारवालीच्या दुप्पट वेळ घेते. पण पाणी उकळतं. आल्याचा तुकडा डायनिंग हॉलच्या स्टर-फ्रायच्या टेबलावर मागितला की देतात.

दुपारी सॅलडचं टेबल, सूप, पिझ्झा, बर्गर, पास्ता. सॅलडचं टेबल मला मनापासून आवडतं. उकडलेले छोले, राजमा, बीट, कडधान्यांचे मोड, सूर्यफुलाच्या बिया, ताजा पालक. हे सगळं चिरून, धुऊन, गार ठेवलेलं समोर असतं. मी त्यावर लिंबू पिळते आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी घालते. सप्टेंबरमध्ये इथलं मक्याचं कणीस, ऑक्टोबरमध्ये लाल भोपळ्याच्या जातीतल्या बटरनट स्क्वॉशचं सूप, आणि सफरचंदं पेटीच्या पेटी. कनेटिकट नदीच्या काठची ही जमीन सुपीक आहे आणि शेतं कॅम्पसपासून लांब नाहीत. वसंतात हॅडली गावचं शतावर, म्हणजे ॲस्परॅगस, येतं. ते गाव त्यासाठीच ओळखलं जातं. नुसतं मीठ आणि तेल लावून भाजलेलं खा.

'करी' नावाखाली जे मिळतं ते टाळा. कांद्याचा वास नाही, मोहरी नाही, हळद मात्र भरपूर. तिखट मागितलं की बाटलीतला सॉस देतात.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. आमच्या डायनिंग हॉलमध्ये गुरुवारी भाताच्या टेबलावर ज्या बाई असतात त्या जवळच्या होल्योकच्या, घराणं कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटाचं. होल्योकमध्ये प्वेर्तो रिकन लोकांची वस्ती फार मोठी आहे. कागदाच्या गिरण्यांचं गाव ते, आसपासच्या तंबाखूच्या शेतांवर आणि गिरण्यांत कामाला आलेली कुटुंबं तिथे स्थिरावली. तर एका गुरुवारी मोठ्या पातेल्यात केशरी भात होता आणि त्यात हिरवट-करडे दाणे. मी थांबून पाहिलं. मटार नव्हते, मुगही नव्हते. ते तुरीचे दाणे होते. सोललेले, अख्खे, कोवळे.

माझी आजी मूळची अमरावतीची. हिवाळ्यात ठाण्याच्या बाजारात तुरीच्या शेंगा आल्या की ती सोलेभात करायची, आणि ते दाणे मी इंग्लंडमध्ये गेल्यापासून ताटात पाहिले नव्हते. मी त्यांना विचारलं, यात मांस आहे का. म्हणाल्या, असतं, हॅम असतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी लवकर ये.

पुढच्या गुरुवारी पाचच्या ठोक्याला गेले तेव्हा बाजूला एक लहान पातेलं होतं, बिनमांसाचं. त्यांनी तो भात कसा करतात तेही दाखवलं. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि कोथिंबिरीसारख्याच वासाची पण लांब पानांची एक भाजी, हे सगळं वाटून तेलात परततात. त्याला सोफ्रितो म्हणतात. रंगासाठी आचिओतेच्या बिया तेलात तापवून ते केशरी तेल गाळून घेतात. मग तांदूळ, दाणे, पाणी, आणि झाकण. भात झाल्यावर बुडाला जी खरपूस खरवड लागते ती त्यांच्यातही मानाची, आणि ती त्या मुद्दाम उचटून माझ्या ताटलीत घालतात. आता बिनमांसाचं ते लहान पातेलं दर गुरुवारी असतं आणि माझ्याशिवाय आणखी बरीच मुलं त्यासाठी रांगेत असतात. बाई मला 'मिहा', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'माझी मुलगी', अशी हाक मारतात. मी त्यांना सोलेभातात आम्ही गोडा मसाला घालतो ते सांगितलं आणि घरून आलेल्या डब्यातला थोडा नेऊन दिला. मील प्लॅनच्या कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं, पण डायनिंग हॉलची खरी किंमत मला इथे कळली. वाढणाऱ्या माणसांशी बोला. त्यांना नावाने ओळखा.

शाकाहाराबद्दल नेमकं सांगते, कारण इंग्लंडमधल्या सवयीवर इथे विसंबता येत नाही. टोमॅटोतले बेक्ड बीन्स आपण तिथे डोळे मिटून खातो. मॅसॅच्युसेट्समधले पारंपरिक बेक्ड बीन्स काकवीत आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मेक्सिकन टेबलावरचे घोटलेले बीन्स डुकराच्या चरबीत केलेले असू शकतात. भाज्यांच्या सुपाला चिकनचं पाणी असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे असतात. कुरमुऱ्यांची जी गोड चौकोनी वडी सगळीकडे दिसते ती मार्शमेलोने चिकटवलेली असते आणि मार्शमेलोत जिलेटिन. प्रत्येक पदार्थाच्या पुढे पाटी असते, त्यावर शाकाहारी आणि व्हीगन अशा खुणा असतात. त्या पाटीवर विश्वास ठेवा, पदार्थाच्या रूपावर नको. शंका आली तर आतल्या शेफला बोलवायला सांगा. आमच्याकडे ते येतात, आणि डब्यावरचं लेबल आणून दाखवतात.

ॲलर्जी असेल तर याहून जास्त काळजी घ्या. ब्रिटनमध्ये १४ पदार्थांची नोंद सक्तीची आहे. अमेरिकेत नऊ; तीळ हा नववा, तो १ जानेवारी २०२३ पासून आला. मोहरी आणि सेलरी ब्रिटनच्या यादीत आहेत, इथल्या यादीत नाहीत. म्हणजे मोहरीची ॲलर्जी असलेल्याला इथल्या पाटीवर काहीच दिसणार नाही. अशा मुलांनी निघण्यापूर्वीच डायनिंग सर्व्हिसच्या आहारतज्ज्ञांना लिहावं. बहुतेक कॉलेजांत तसं माणूस नेमलेलं असतं.

चतुर्थीचं मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. भागतं, आणि चांगलं भागतं. अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे न्यू इंग्लंडमध्ये, शरदात रताळी रोज असतात, नुसती भाजलेली. सफरचंद, केळी, दही, दूध, शेंगदाणे. दिवस निघतो. अडचण होते ती उपास सोडायची. संध्याकाळचं जेवण आमच्याकडे पाच ते साडेसात. संकष्टीला चंद्रोदय आठ-नऊच्या पुढे. यावर उपाय म्हणजे हिरवा डबा. एरवी डायनिंग हॉलमधून अन्न बाहेर नेऊ देत नाहीत, एखादं फळ सोडून. पण सेमिस्टरच्या सुरुवातीला थोडी अनामत भरली की परत करायचा एक डबा मिळतो. तो एका स्वाइपवर भरून न्यायचा आणि धुण्यासाठी परत द्यायचा, की पुढच्या वेळी स्वच्छ मिळतो. मी सव्वासातला भात, वाटाणे, पनीरच्या जागी टोफू असं भरून खोलीत नेते आणि चंद्र दिसल्यावर मायक्रोवेव्हमध्ये गरम करते. माझी रूममेट आता स्वतःहून खिडकीशी जाऊन बघून येते आणि सांगते, आला.

साडेसातला हॉल बंद होणं हे एरवीही जाचतं. आमच्या घरी साडेआठच्या आधी कुणी पान मांडत नाही. लायब्ररीतून दहाला निघालं की पोटात कावळे ओरडतात आणि उघडं असतं ते यंत्रातल्या चिप्सचं कपाट. खोलीत पोहे ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये पोहे छान होतात, फोडणी घरून करून बाटलीत भरून आणली तर.

मोठ्या युनिव्हर्सिटीत चित्र वेगळं असतं. ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत, जिला सगळे यूमास म्हणतात, माझी लीड्सची मैत्रीण आहे. तिच्याकडे पाहुणी म्हणून जेवायला जाते. तिथे चार मोठे डायनिंग हॉल आहेत: वुस्टर, फ्रँकलिन, हॅम्पशर आणि बर्कशर. ही मॅसॅच्युसेट्सच्या काउंटींची नावं, आणि त्यातली बरीचशी आमच्या इंग्लंडच्या नकाशावरूनच आलेली. कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या प्रिन्स्टन रिव्ह्यूच्या यादीत कॅम्पसवरच्या जेवणासाठी यूमासचा नंबर सलग कित्येक वर्षं पहिला लागला आहे आणि तो का लागला ते तिथे जेवल्यावर कळतं. ताटल्या लहान, वाढणं थोडं, म्हणजे माणूस आवडलं ते पुन्हा जाऊन घेतो आणि टाकतो कमी. सुशी तिथल्या तिथे वळून देतात. भारतीय पदार्थांत हिंग-जिऱ्याचा वास खरा असतो. रात्री उशिरापर्यंत काहीतरी उघडं असतं. पीव्हीटीए या इथल्या सार्वजनिक बससेवेच्या बसने जाता येतं, आणि यूमासच्या बस बहुतेक विद्यार्थीच चालवतात. पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर माझ्याच वयाची मुलगी पाहून मला फार अभिमान वाटला. कॉलेज निवडताना जेवणाला महत्त्व देत असाल तर यूमास डोळ्यांसमोर ठेवा.

तरी माझ्या छोट्या हॉलमधल्या टेबलाची सर मला कुठे मिळाली नाही. लीड्सच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जणी होतो, पण प्रत्येक जण आपापल्या वेळी शिजवून, ताट घेऊन आपापल्या खोलीत जायची. कुणाशी भांडण नव्हतं, तशी पद्धतच होती. इथे पावणेसहाला मेसेज येतो, 'जेवायला?' आणि आठ-दहा जणांचं गोल टेबल भरतं. माझी रूममेट मेन राज्याच्या उत्तरेकडच्या अरूस्टुक काउंटीची, बटाट्याच्या शेतकऱ्यांच्या घरातली. तिथल्या काही शाळांना सप्टेंबरात बटाटे काढायची सुट्टी असते आणि मुलं शेतावर कामाला जातात, हे मी तिच्याकडून त्या टेबलावर ऐकलं. ती फ्रेंच फ्राइज खाताना बटाट्याची जात ओळखायचा प्रयत्न करते. वर्गात बोलण्याला गुण असतात याची मला धास्ती होती, कारण इंग्लंडमध्ये मी सेमिनारला गप्प बसून ऐकणाऱ्यांतली. ती धास्ती गेली ती या टेबलामुळे. रोज तासभर इतक्या लोकांत बोलायची सवय झाली. शिवाय कॉलेज एक कूपन देतं, प्राध्यापकांना आपल्यासोबत जेवायला नेण्याचं. इतिहासाच्या माझ्या प्राध्यापिका सूप घेऊन समोर बसल्या आणि माझ्या निबंधाचा विषय त्यांनी जेवता जेवता दुरुस्त करून दिला. ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत, हे इतकं सहज होत नाही. हे कूपन तुमच्या कॉलेजात आहे का ते विचारा आणि जरूर वापरा.

कामाचंही सांगते. एक्सचेंजवाल्यांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसावर कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण आधी प्रोग्रामच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते. राज्यातलं किमान वेतन ताशी १५ डॉलर आहे, २०२३ पासून. सगळ्यात सहज काम मिळतं ते डायनिंग हॉलमध्येच. मी शनिवार-रविवारी उष्ट्या ताटल्यांच्या पट्ट्यावर उभी असते. भिंतीतल्या खिडकीतून पट्टा सरकत येतो, त्यावरून ताटल्या उचलायच्या, उरलेलं खरवडून कंपोस्टच्या पिंपात टाकायचं, चमचे वेगळे, ग्लास वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये मोठ्या संस्थांना अन्नाचा कचरा साध्या कचऱ्यात टाकायला २०१४ पासून बंदी आहे. २०२२ पासून ती मर्यादा आठवड्याला अर्ध्या टनावर आली. म्हणून हे पिंप. अर्धे बर्गर, न उघडलेलं दही, चावा न घेतलेली सफरचंदं. अन्न टाकू नये हे शिकवलेल्या घरातून आलेल्या कुणालाही तिथे उभं राहणं जड जातं. 'हवं तेवढं घ्या' या सोयीची ही बाजू मला मान्य नाही आणि हॉलच्या व्यवस्थापकांना मी तसं सांगितलं आहे. शनिवारच्या ब्रंचला वॉफल अर्धं घेण्याची सोय त्यांनी त्यानंतर सुरू केली.

सुट्ट्यांकडे मात्र कुणीही दुर्लक्ष करू नये. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. त्याआधीच्या बुधवारी दुपारनंतर हॉल बंद होतो तो थेट रविवारी संध्याकाळी उघडतो. अमेरिकन मुलं घरी जातात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत तर डॉर्मही बहुतेक बंद, राहायचं तर वेगळी परवानगी. या दिवसांचं जेवण प्लॅनमध्ये धरलेलंच नसतं, आणि हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मला लंडनच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी बॉस्टनजवळच्या त्यांच्या ओळखीच्या घरी पाठवलं. तिथले काका स्टेशनवर घ्यायला आले. टेबलावर मुलांसाठी टर्की होती, आमच्यासाठी भरली वांगी, आणि क्रॅनबेरीची चटणी तिथल्या काकूंनी मिरचीची फोडणी देऊन केली होती. ती क्रॅनबेरीची चटणी भाकरीबरोबर अप्रतिम लागते. आंबटपणा आपल्या करवंदासारखा. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे, बॉस्टनच्या बाजूला न्यू इंग्लंड मराठी मंडळ आहे. निघण्यापूर्वी ओळखी काढून ठेवा, संकोच करू नका.

आता कुठला प्लॅन. आमच्याकडे १९चा ३,७५० डॉलरला आहे, म्हणजे १४च्या मानाने फक्त अडीचशे जास्त, आणि सगळी जेवणं जेवलात तर एक जेवण तेरा डॉलरला पडतं. त्यामुळे तो फायद्याचा वाटतो. पण त्यातली पाच जेवणं न्याहारीची आहेत, आणि आठच्या तासाआधी उठून, बर्फातून चालत, ओट्स खायला जाणारी मुलं फार थोडी. दुपार आणि संध्याकाळ मिळून आठवड्याला बरोबर चौदा होतात. सकाळी खोलीत दूध-पोहे-फळ, बाकी दोन्ही वेळा हॉलमध्ये. दहाचा ३,१०० डॉलरला आहे. एक जेवण वीस डॉलरच्या वर जातं आणि उरलेल्या चार वेळांसाठी तळघरातल्या स्वयंपाकघरात रांग लावावी लागते. स्वयंपाकाची खरी आवड असेल आणि कुणी जवळपास गाडीवालं असेल तरच तो घ्या. खेळाडूंनी १९चा घ्यावा, त्यांची भूक वेगळी.

पैसे भरण्याआधी डायनिंग सर्व्हिसला तीन गोष्टी विचारा: सेमिस्टर सुरू झाल्यावर किती दिवस प्लॅन बदलता येतो (आमच्याकडे पहिले दोन आठवडे), परत करायचा डबा आहे का, आणि सुट्टीत हॉल नेमका कुठल्या जेवणानंतर बंद होतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय विमानाचं परतीचं तिकीट काढू नका.